पर्माकल्चर सल्लागार व्हायचंय? शिकण्याचा क्रम असा ठेवा

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात पावसाचं पाणी अडवून जिरवायला मी आखून दिलेला चर पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. चर समपातळीत होता, खोली ठीक होती, काठावर कोणती झाडं लावायची तेही ठरलं होतं. पण चर भरल्यावर जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडणार आणि पुढे कुठे जाणार, याचा हिशोब मी केलाच नव्हता. सांडवाच ठेवला नव्हता. पाण्याने आपली वाट आपण काढली आणि जाताना खालच्या भाजीच्या वाफ्यांवरची माती नेली. ती माती तशी भुसभुशीत व्हायला त्या कुटुंबाची चार वर्षं गेली होती.

हे मला कळलं, कारण पाऊस उघडल्यावर मी तिथे पुन्हा गेले. गेले नसते, तर तसाच चर पुढच्या दोन-तीन जागांवरही आखून दिला असता. म्हणून या कामाच्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलं, की कोर्सची नावं सांगण्याआधी मी हे सांगते: जिथे सल्ला दिलात, तिथे परत जायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. खाली दिलेला क्रम त्याच सवयीभोवती बांधलेला आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून हे शिकायचं असेल, तर तीन ते चार वर्षं धरा.

हे काम नेमकं काय आहे

बिल मॉलिसन आणि त्यांच्याबरोबर काम करणारा तरुण विद्यार्थी डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीने चालणारी टिकाऊ शेती आखण्याची, कल्पना मांडली. त्यांचं पहिलं पुस्तक १९७८ साली आलं. ‘पर्मनंट’ आणि ‘अ‍ॅग्रिकल्चर’ या दोन शब्दांपासून ‘पर्माकल्चर’ हे नाव तयार झालं. पुढे त्याचा अर्थ रुंदावला आणि शेतीबरोबर घर, पाणी, ऊर्जा, माणसांची एकमेकांशी असलेली देवाणघेवाण हे सगळं त्यात आलं. जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि जे जास्तीचं आहे ते वाटून घेणं, ही त्याची तीन मूल्यं. होल्मग्रेन यांनी २००२ साली मांडलेली १२ तत्त्वं आज बहुतेक कोर्समध्ये शिकवली जातात. त्यातलं पहिलं तत्त्व निरीक्षणाचं आहे, आणि ते पहिलं आहे हे योग्यच आहे.

सल्लागार म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर जाता, ती वाचता, तिथल्या माणसांचं ऐकता आणि कोणती गोष्ट कुठे, कोणत्या क्रमाने करायची हे कागदावर उतरवून देता. लागवड कुणी वेगळंच करतं, खर्च कुणी वेगळंच करतं, आणि तुमच्या चुकांचे परिणामही त्यांनाच भोगावे लागतात. स्वतःच्या बागेत चुकणं आणि दुसऱ्याच्या जमिनीवर चुकणं यात फार अंतर आहे.

पहिली पायरी: एक पूर्ण वर्ष, एकच जागा

कोर्सला नाव घालण्याआधी एक जागा निवडा. अंगण, गच्ची, ओळखीच्यांच्या शेताचा कोपरा, काहीही चालेल. जागा लहान असली तरी हरकत नाही, पण आठवड्यातून किमान तीनदा तिथे जाता आलं पाहिजे. एक वही करा आणि सगळे ऋतू त्यात येऊ द्या.

पाऊस मोजा. सरळ कडांचा डबा आणि पट्टी एवढ्यावर भागतं. वर्षभरात एकूण किती पडला यापेक्षा एका तासात जास्तीत जास्त किती पडला, हे पुढे जास्त उपयोगी पडतं. जोराचा पाऊस चालू असताना बाहेर जाऊन उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे तुंबतं, कुठे गढूळ होतं, हे तेव्हाच दिसतं. दुसऱ्या दिवशी उरतात त्या फक्त खुणा.

सावली काढा. २१ जून आणि २१ डिसेंबरच्या आसपास दिवसातून तीन वेळा सावल्यांच्या कडा जमिनीवर खुंट्या मारून पक्क्या करा. हिशोब सोपा आहे. सूर्य वर्षभरात विषुववृत्तापासून दोन्ही बाजूंना सुमारे २३.५ अंश सरकतो. समजा तुमची जागा ४० अक्षांशावर आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६.५ अंश वर असतो, तर उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी ७३.५ अंश. म्हणजे ५ मीटर उंचीच्या झाडाची दुपारची सावली हिवाळ्यात १० मीटर पडते आणि उन्हाळ्यात दीड मीटर. जून महिन्यात जागा पाहून ‘इथे भरपूर ऊन आहे’ असं लिहून दिलं, तर डिसेंबरमध्ये तुमचा सल्ला खोटा ठरू शकतो. विषुववृत्ताजवळ हा फरक खूप कमी असतो, शिवाय सावली वर्षात दोन्ही बाजूंना पडते. आपल्या अक्षांशाचा हिशोब आपणच करून ठेवावा.

वारा, पहाटेचं दव, दहिवर कुठे साचतं, पक्षी कुठे बसतात, माणसं कुठून येतात-जातात, तेही लिहा. वर्ष संपल्यावर पहिल्या महिन्याची पानं पुन्हा वाचा. तुमचे निम्मे अंदाज चुकलेले दिसतील. ते खोडू नका, शेजारी तारीख घालून नवी नोंद करा.

दुसरी पायरी: ७२ तासांचा कोर्स

‘पर्माकल्चर डिझाइन सर्टिफिकेट’, म्हणजे सगळे ज्याला पीडीसी म्हणतात तो कोर्स, जगभर साधारण ७२ तासांचा असतो. निवासी असेल तर दोन आठवड्यांत होतो, शनिवार-रविवारी असेल तर काही महिने चालतो. त्याचा अभ्यासक्रम मॉलिसन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या जाडजूड डिझाइन-ग्रंथावर उभा आहे. हवामान, जमिनीची ठेवण, पाणी, माती, झाडं, मातीकाम आणि समाजाची आर्थिक घडी असं सगळं त्यात येतं. शेवटी गट करून एका खऱ्या जागेचा आराखडा मांडावा लागतो.

कोर्स निवडताना माहितीपत्रकापेक्षा शिकवणाऱ्यांकडे बघा. ज्या जागेवर शिकवलं जातं, ती निदान पाच वर्षं जुनी आहे का? ७२ तासांपैकी किती तास बाहेर, मातीत असतात? शिक्षकांनी दुसऱ्यांसाठी केलेली कामं बघायला मिळतात का? आणि फोनवर थेट विचारा, ‘तुमचं न जमलेलं एखादं काम सांगाल का?’ यावर जे शिक्षक तपशिलात बोलतात, त्यांच्याकडे जा. ऑनलाइन कोर्सने सिद्धांत नीट समजतो, पण ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) हातात धरायला कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं. ऑनलाइन केलात, तर हाताच्या कामाची वेगळी सोय करा.

हे प्रमाणपत्र म्हणजे या क्षेत्राची भाषा तुम्हाला येते, एवढंच. सल्लागाराला परवाना देणारी एकच जागतिक संस्था या क्षेत्रात नाही. ब्रिटनमधल्या पर्माकल्चर असोसिएशनच्या डिप्लोमासाठी स्वतः केलेले १० आराखडे मांडावे लागतात. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणाच्या चौकटीतही पर्माकल्चरचे अभ्यासक्रम तयार झाले. डिप्लोमा करा अगर करू नका, पण १० आराखड्यांची अट स्वतःला जरूर घाला.

तिसरी पायरी: पाणी आणि पातळी

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण मी पाहिलेल्या वाया गेलेल्या आराखड्यांपैकी बहुतेक पाण्यापाशी फसले होते.

ऑस्ट्रेलियातले शेतकरी पी. ए. योमन्स यांनी १९५८ साली जमिनीच्या नियोजनाचा एक क्रम दिला: हवामान, जमिनीचा आकार, पाणी, रस्ते, झाडं, इमारती, कुंपणं आणि शेवटी माती. बदलायला जे सर्वांत अवघड, ते आधी ठरवायचं. माती शेवटी आहे, ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. काही वर्षांत ती सुधारता येते, टेकडी हलवता येत नाही, म्हणून. पर्माकल्चरने हा क्रम उचलला आणि तो भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. लोक बोलावतात ते ‘झाडं कोणती लावू?’ हे विचारायला. तुम्हाला त्यांना आधी पाणी आणि वाट यांकडे आणावं लागतं.

पातळी काढायला ए-फ्रेमपासून सुरुवात करा. सारख्या लांबीच्या दोन काठ्या, मधे आडवी पट्टी, माथ्यावरून सोडलेला ओळंबा. चौकट दोन ठिकाणी टेकवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा, मग पाय उलटे करून त्याच दोन ठिकाणी टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध दोरी आली, की दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर ओळंबा हलतो, तेव्हा थांबायचं. दोन पायांमधलं अंतर २ मीटर असेल आणि प्रत्येक वेळी ५ मिलिमीटरची चूक एकाच बाजूला होत राहिली, तर ४० मीटरमध्ये २० पावलं पडतात आणि शेवटी १० सेंटिमीटरचा फरक येतो. तेवढ्याने चराचं एक टोक कोरडं राहतं आणि दुसऱ्या टोकावरून पाणी उसळतं. म्हणून लांब रेषा गवंड्यांच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने पुन्हा तपासा. पाइपात बुडबुडा राहू देऊ नका. मोठ्या जमिनीवर लेझर लेव्हल भाड्याने घ्या.

आता पाण्याचा हिशोब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हे एक वाक्य पाठ असलं, की बाकी सगळं बेरीज-गुणाकार आहे. माझ्या फुटलेल्या चराचंच उदाहरण सोप्या आकड्यांत घेऊ. वरच्या बाजूला २,००० चौरस मीटरचा उतार. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस. म्हणजे १,२०,००० लिटर. निम्मं जिरलं असं धरलं तरी ६०,००० लिटर वाहत खाली येतं. चर ४० मीटर लांब, वर दीड मीटर आणि तळाला अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. त्याचा छेद अर्धा चौरस मीटर, म्हणजे मावतं २०,००० लिटर. उरलेलं ४०,००० लिटर कुठे? जिरण्यावर भिस्त ठेवू नका. भारी माती तासाला १० मिलिमीटर पाणी पीत असेल, तर त्या चरात तासाभरात ६०० लिटरच्या आसपास मुरेल. म्हणून सांडवा आधी आखायचा, चर नंतर. सांडवा रुंद, उथळ, दगडाने किंवा दाट गवताने बांधलेला, आणि त्यातून पडणारं पाणी न धुपणाऱ्या जागी पोचेल असा हवा.

चर म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असं नवख्याला वाटतं, मलाही वाटायचं. खडी उतरण असेल तर पाणी अडवून जिरवणारे चर नकोत. भिजलेली माती जड होऊन घसरते. उतार १५ टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे १०० मीटरला १५ मीटरहून जास्त उतरला, की मी चराचा विचार सोडते आणि गवताच्या पट्ट्या, झाडं किंवा दगडी बांधांकडे वळते. जिथे खारं भूजल वरवर आहे, तिथे पाणी जिरवलं की ते खारं पाणी वर चढून मुळांपर्यंत येतं. आणि घराच्या पायाच्या वरच्या अंगाला चर काढण्याआधी जमीन आणि पाया यांचं तंत्र जाणणाऱ्या अभियंत्याला विचारल्याशिवाय एक खुंटीही ठोकू नका.

चौथी पायरी: माती हातात घ्यायला शिका

पारदर्शक बरणी तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त लागतो. थरांची जाडी मोजली की मातीचा पोत कळतो. दुसरी चाचणी: ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा आणि पाणी तासाला किती उतरतं ते बघा. दोन्ही चाचण्या एकाच जागेत निदान तीन ठिकाणी करा. आकडे वेगळे आले तर तिथेच तुमच्या आराखड्याची पहिली रेषा सापडते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा कंटाळा करू नका. जुन्या रंगाच्या भिंतींलगत, जुन्या कारखान्यांच्या आवारात किंवा वाहत्या रस्त्याकडेला शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय तिथे पालेभाजी सुचवू नये. तसंच बाहेरून आणलेल्या शेणखताचं. अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं जनावराच्या पोटातून, शेणातून आणि कंपोस्टमधूनही शिल्लक राहतात आणि टोमॅटो, शेंगवर्गीय पिकं वाकडीतिकडी करतात. उपाय साधा आहे. ते खत मातीत मिसळून एका कुंडीत घेवड्याचं बी टाका, दुसऱ्या कुंडीत खताशिवाय टाका, आणि तीन आठवडे वाट बघा. पानं पिळवटलेली आली तर ते खत त्या जमिनीवर न्यायचं नाही.

पाचवी पायरी: झाडांची ओळख

हजार नावांची यादी करू नका. तुमच्या हवामानातल्या ५० वनस्पती घ्या आणि बीपासून फळापर्यंत स्वतः वाढवून बघा. प्रत्येकीची पूर्ण वाढ झाल्यावरची रुंदी लिहा. आराखड्यात झाडं रोपाच्या आकाराने काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ६ मीटर रुंद पसरणारं झाड सुमारे २८ चौरस मीटर जागा व्यापतं. तशी दहा झाडं म्हणजे २८० चौरस मीटर. २०० चौरस मीटरच्या परसात ती कागदावर छान दिसतात, आठव्या वर्षी एकमेकांना दाबून टाकतात.

पर्माकल्चरच्या वर्तुळात काही झाडांचं कौतुक फार होतं. सुबाभूळ हे त्याचं चांगलं उदाहरण. नत्र स्थिर करते, भराभर वाढते, चारा देते, हे सगळं खरं. पण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीतही तिचं नाव आहे. एखादं झाड सुचवण्याआधी त्या प्रदेशातली आक्रमक प्रजातींची यादी बघणं हे तुमचं कर्तव्य आहे. तुम्ही लावलेलं बी कुंपण मानत नाही.

आणि जे पुराव्याने सिद्ध नाही ते सिद्ध असल्यासारखं सांगू नका. ‘हे झाड खालची खनिजं वर आणून माती सुपीक करतं’, ‘हे पीक त्या पिकाची कीड घालवतं’ अशी वाक्यं तुम्हाला कोर्समध्ये ऐकू येतील. काही बरोबर असतात, काही एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात सरकत आलेली असतात. ‘मी करून पाहिलं, मला असं दिसलं’ आणि ‘प्रयोगांत असं आढळलं’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. आपलं क्षेत्र तरुण आहे, त्याचा विश्वास आपल्या शब्दांवरच उभा राहणार आहे.

नकाशा काढणं

यावर फार लिहीत नाही. पेन्सिल, ट्रेसिंग पेपर आणि मोजपट्टी घेऊन प्रमाणात काढायला शिका. मूळ नकाशावर पाण्याचा एक थर, सावली-वाऱ्याचा एक थर, माणसांच्या वाटांचा एक थर. थर एकमेकांवर ठेवले की विसंगती आपोआप दिसतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते नंतर शिकता येईल. उपग्रह-नकाशावरच्या समोच्च रेषा लहान जागेसाठी भरवशाच्या नसतात, तिथे पुन्हा ए-फ्रेम.

सहावी पायरी: माणसं वाचायला शिका

हे कुठल्याच कोर्समध्ये पुरेसं शिकवलं जात नाही. झोन ही पर्माकल्चरची सुंदर कल्पना आहे: घर म्हणजे शून्य, रोज पाय पडतो तो पहिला झोन, आणि असं करत पाचवा झोन म्हणजे हात न लावलेलं रान. पण झोन अंतरावर ठरत नाहीत, त्या माणसांच्या दिवसावर ठरतात. घरामागे दहा पावलांवर असलेली जागा, जिथे जायला कुणाला कारणच नाही, ती तिसऱ्या झोनमध्ये जाते.

पहिल्या भेटीत निदान दोन तास फक्त ऐका. आठवड्याला प्रत्यक्षात किती तास देता येतील? तुम्ही बाहेरगावी असताना पाणी कोण घालणार? याआधी काय करून पाहिलंत आणि ते का थांबलं? घरात या कल्पनेशी कोण सहमत नाही? आधीच्या प्रयोगाबद्दलचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला आहे. लोक ‘वेळ मिळाला नाही’ म्हणतात, आणि जरा थांबलं की खरं कारण येतं. पाठ दुखते, शेजाऱ्यांशी पाण्यावरून वाद आहे, किंवा मुलांना खेळायला जागा हवी होती आणि ते कुणी विचारलंच नव्हतं.

बऱ्याचदा तुम्हाला बोलावणारी व्यक्ती आणि जमिनीवर राबणारी व्यक्ती वेगळ्या असतात. राबणाऱ्या व्यक्तीशी स्वतंत्र बोला, तिच्याबरोबर एक फेरी मारा आणि तिचं म्हणणं तिच्या शब्दांत वहीत घ्या. माझ्या टिकलेल्या आराखड्यांतल्या सर्वांत चांगल्या कल्पना अशा फेऱ्यांमधून आल्या आहेत.

सातवी पायरी: कुणाच्या तरी हाताखाली

एका अनुभवी सल्लागाराबरोबर निदान एक वर्ष काम करा. मोजपट्टीचं दुसरं टोक धरा, नोंदी घ्या, नकाशे स्वच्छ करून द्या. कामाचा मोबदला ठरवून घ्या, थोडा का असेना. फुकटच्या श्रमावर उभं राहिलेलं शिक्षण माणसांच्या काळजीच्या मूल्यात बसत नाही. अट एकच घाला: त्यांच्या जुन्या जागांवर फेरी मारायला तुम्हाला सोबत न्यावं. आवडला नाही असा सल्लागार भेटला तरी वही चालू ठेवा.

याच काळात खोदणाऱ्या यंत्राच्या चालकाशी, प्लंबरशी आणि रोपवाटिकेतल्या माणसांशी ओळख वाढवा. त्यांच्या भाषेत काम सांगता आलं नाही, तर तुमचा आराखडा कागदावरच राहतो.

आठवी पायरी: पहिली तीन कामं, आणि लेखी करार

ओळखीतल्या लहान जागा निवडा. फी कमी ठेवा, पण घ्या. फुकट सल्ला कुणी अमलात आणत नाही आणि मग तुम्हाला परत जाऊन बघायला काही उरत नाही. अर्ध्या दिवसाच्या भेटीमागे मला अजूनही दोन-तीन दिवस टेबलावर बसावं लागतं. सुरुवातीला तुम्हाला त्याच्या दुप्पट लागतील, फी ठरवताना हे धरा.

कामाचे भाग पाडा: पहिली भेट आणि दोन पानी टिपण, मग ढोबळ आराखडा, मग तपशीलवार आराखडा, मग अंमलबजावणीवर देखरेख. प्रत्येक भागाची फी वेगळी. समोरच्याला प्रत्येक टप्प्यावर थांबता आलं पाहिजे. अहवालात सुंदर चित्रापेक्षा क्रम महत्त्वाचा: पहिल्या सहा महिन्यांत काय, पहिल्या वर्षी काय, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत काय करायचंच नाही.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहा. आराखड्यात किती वेळा बदल करून मिळतील. उत्पन्नाची हमी नाही. जमिनीखालच्या तारा-पाइपांची माहिती कोण काढणार. आणि कोणत्या कामाला अभियंता किंवा परवानगी लागेल. मोठा मातीचा बंधारा, मैलापाण्याची व्यवस्था, घसरणारा उतार, वीज, यात तुम्ही ‘इथे तज्ज्ञ आणा’ एवढंच म्हणायचं. पाण्याचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बहुतेक घरांना छपरावरचं पाणी पिंपात साठवायलाही २०१६ पर्यंत मनाई होती. जिथे काम करता तिथले नियम स्वतः वाचा. व्यावसायिक विमा मिळत असेल तर पहिल्या सशुल्क कामाआधी घ्या.

नुसत्या सल्ल्यावर सुरुवातीला घर चालत नाही, हे आधीच मनाशी धरा. शिकवणं, रोपवाटिका, अंमलबजावणी किंवा वार्षिक देखभाल, यांतलं काहीतरी जोडीला असतं. मला विचाराल तर देखभाल जोडा. त्यात त्याच जागेवर जाण्याचे पैसे मिळतात.

नववी पायरी: परत जाणं

करारातच तीन भेटी लिहून ठेवा आणि त्यांची फी आधीच धरा: पहिल्या मोठ्या पावसानंतर, एक वर्षाने आणि तीन वर्षांनी. प्रत्येक भेटीत तोच नकाशा घेऊन जा. जे केलं ते हिरव्या पेन्सिलीने, जे केलं नाही ते लाल, आणि जे त्यांनी स्वतःच्या मनाने वेगळं केलं ते निळ्याने. लाल जागांपाशी ‘का नाही झालं?’ असं विचारा, पण तक्रारीच्या सुरात नको. निळ्या जागांपाशी जास्त वेळ थांबा. तिथे ती माणसं तुमच्यापेक्षा जमीन जास्त ओळखतात, याची खूण असते.

मेलेली झाडं मोजा आणि कारणासकट लिहा. प्रत्येक ठिकाणी त्याच चार कोनांतून फोटो काढा. पाच जागांच्या अशा नोंदी जमल्या, की त्या शेजारी शेजारी ठेवा. एकच चूक दोनदा दिसली तर तुमच्या पुढच्या अभ्यासाचा विषय ठरला.

त्या पहिल्या जागेवर मी अजूनही जाते. त्या कुटुंबाने चर बुजवला नाही. आम्ही मिळून त्याची वरची बाजू दुरुस्त केली, पश्चिमेच्या टोकाला तीन मीटर रुंदीचा सांडवा काढला, त्यावर दगड रचले आणि मधल्या फटींत गवत लावलं. दरवर्षी पहिल्या जोरदार पावसानंतर मी तिथे मोजपट्टी घेऊन बसते आणि सगळ्यात खालच्या दगडापुढची माती किती खचली, ते त्याच जुन्या वहीत लिहिते.